तलावापल्याडचा राजा

शामकलेच्या घरात तिची सवत राहायची, आणि ती आढ्याला टांगलेली असायची.

बाकीच्या बायकांच्या सवती भांडतात, नखरे करतात, वेगळी चूल मागतात. ही बिचारी गप्प होती. बांबूच्या कमच्या, चमकीचा कागद आणि वर खोचलेली मोरपिसं, एवढाच तिचा जीव. पावसाळ्यात तिला वाळवी लागू नये म्हणून शामकलाच खालून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर द्यायची. पण वर्षातून एकदा, भाऊबीजेनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला, शामकलेचा नवरा कवडू या सवतीला डोक्यावर घेऊन घराबाहेर पडायचा तो दिवस मावळताना परत यायचा. आणि आल्यावर त्याला कुठे होता, असं विचारायचीसुद्धा सोय नव्हती. रीतच तशी होती.

ती सवत म्हणजे झाडराजाचा मुकुट.

झाडराजाची गोष्ट आता कुणी धड सांगत नाही. जे सांगतात ते घाईत सांगतात, त्यामुळे ती इथे जरा बैजवार सांगायला हवी. माणसं या झाडीत यायच्या आधी इथे झाडकरी राहत. उंच, सडसडीत, आणि पळसाच्या पानाएवढ्या लांब कानांचे लोक. त्या कानांना जमिनीखालून वाहणारं पाणी ऐकू यायचं, बांबूला कोंब फुटतानाचा आवाज ऐकू यायचा. त्यांना म्हातारपण माहीत नव्हतं. त्यांचा राजा वीज पडलेल्या सागाच्या ढोलीत जन्मला आणि मोहाचा रस पिऊन वाढला. ऐन तरुणपणी त्याने वणव्याच्या राजाशी लढाई केली, ती जिंकली, आणि लढाईत धाकटा भाऊ गेला म्हणून जिंकल्यावर तो रडत बसला. मग त्याने राज्य केलं. किती वर्षं, ते कोण मोजणार. त्याचे केस काळेच राहिले आणि खाली माणसांच्या पिढ्या येऊन गेल्या. त्याच्या राज्यात झाडाला विचारल्याशिवाय फांदी तोडायची नाही आणि सावलीला माझी म्हणायचं नाही, असे दोनच कायदे होते.

मग कुदळ-फावडी घेऊन माणसं आली, तहानलेली. राजाने जमिनीला कान लावला आणि दोन टेकड्यांमधली जागा दाखवली. तिथे त्या कोहळी लोकांनी मातीची पाळ घातली आणि तलाव झाला. पाळ घालणारे हात कोहळ्यांचे, हे अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे. पण जागा राजाने दाखवली, असं आमच्या सालईटोल्याच्या दंडारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या खेळात, होतं आणि त्यावर सालईटोल्यात कुणी वाद घालत नसे. पुढे माणसं वाढली, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं वाढली, झाडी मागे सरली. आपली वेळ संपली हे राजाला कळलं. तो कुणावर रागावला नाही. पाण्यात उतरला, डोंग्यात बसला आणि तलावापल्याड निघून गेला. तिकडे तो अजून आहे, आणि तरुणच आहे.

ही सगळी कथा मंडईच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, तलावाच्या पाळीवर नाचून-गाऊन व्हायची. तिकडे शिंगाडेवाले, बांगड्यावाले, जिलेबीवाले असायचे, आणि इकडे ढोलकी. शेवटी राजा खरोखरच पाण्यात उतरायचा. छातीभर पाण्यातून चालत जाऊन स्वतः डोंग्यात चढायचा, कारण राजाला कुणी हात द्यायचा नसतो. मग सुकराम ढिवर त्याला वल्हवत पल्याड सोडून यायचा. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. राजा पल्याडच्या रानात उतरायचा, आणि दिवस कलला की साधा माणूस होऊन, मुकुट फडक्यात बांधून, लांबच्या पायवाटेने घरी यायचा. त्या माणसाला कुणी काही विचारायचं नाही. विचारलं तर राजा पल्याड राहत नाही, परत येऊन तलावावर बसतो आणि पाणी आटतं, असं म्हणायचे.

कवडूच्या आधी त्याचा मामा दुधराम राजा होता. देश स्वतंत्र झाला त्या साली, ऑगस्टात मालगुजाराच्या घरावर झेंडा लागला आणि कार्तिकात दुधरामचे पुढचे दात पडले. म्हातारपण नसलेल्या राजाला बोळकं शोभत नाही. दुधरामने पाण्यात उभं राहून मुकुट काढला आणि भाच्याच्या डोक्यावर ठेवला, आणि सगळं गाव चाट पडलं. कारण कवडूसारखा मुखदुर्बळ माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्याला काहीही विचारा, तो "हूं" म्हणायचा. आनंदाचा हूं, रागाचा हूं, भूक लागल्याचा हूं. घरच्यांनी ओळखून घ्यायचं.

"मामा, हा काय बोलंल?" लोकांनी विचारलं.

"ज्याच्या तोंडून वर्सभर शब्द निंगत नाई ना, त्याच्याजवर साठा असते," दुधराम म्हणाला.

शामकला तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. पुढच्या मंडईला ती शेजारच्या अनुसयाबाईबरोबर पाळीवर उभी होती. ढोलकी थांबली आणि पाण्याकडून एक आवाज आला. भरदार, स्वच्छ, एकेक शब्द नीट ठेवलेला. वणव्याच्या लढाईत मेलेल्या भावाला राजा हाक मारत होता. शामकलेच्या अंगावर काटा आला.

"हा कोन वो?" तिने अनुसयाबाईला विचारलं.

"कोन म्हनते, येडे! तुहा नवरा होय!"

शामकलेचा विश्वास बसेना. तिच्याशी हा माणूस लग्न झाल्यापासून मिळून जेवढं बोलला होता, त्यापेक्षा जास्त तो आत्ता एका दमात बोलला होता. आणि काय बोलला होता! ती ऐकत राहिली, रडली, आणि घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला राजाचा हेवा वाटतोय. त्या दिवसापासून तिने मुकुटाचं नाव सवत ठेवलं.

तरी राजाचे कान तीच शिवायची. मंडईच्या सकाळी पळसाची दोन-दोन कोवळी पानं आणायची, बांबूच्या काडीने टाचायची, टोकाला नीट वळण द्यायचं. कान ताजेच हवेत, कालचे सुकून वळतात. कवडू समोर मांडी घालून बसायचा आणि ती त्याच्या कानामागे ते बांधायची. त्या वेळी तो डोळे मिटून घ्यायचा. "हूं" सुद्धा म्हणायचा नाही. शामकलेला तो दिवसभरातला सगळ्यात गोड वेळ वाटायचा, कारण मुकुट अजून आढ्यालाच असायचा.

आणि राजाचा डोंगा निघाला की शामकला मंडई सोडून धावत घरी यायची. त्यांचं घर गावाच्या टोकाला, तलावाच्या अंगाला एकटंच. चूल पेटवायची, मोठ्या गुंडात पाणी तापवायचं, कारण कार्तिकातलं पाणी अंगात शिरून येणाऱ्या माणसाला गरम पाणी हवं. बांगड्या भरून घ्यायच्या राहून जायच्या, बायकांबरोबर ओवाळणीच्या पैशाची जिलेबी खायची राहून जायची. ती चुलीपाशी बसून राजाला शिव्या घालायची आणि फुंकणीने जाळ करायची. पाणी उकळायला लागलं की थोड्या वेळात दाराशी कवडू उभा असायचा. मुका, ओला, रोजचा कवडू.

एवढ्यावर चाललं असतं तर ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. पण एकावन्न साली मालगुजारी गेली. तलाव सरकारचा झाला आणि मालगुजार नागपूरला राहायला गेला. माणूस कसा का असेना, तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत आधी जायचं, हे तो सांगायचा आणि ते व्हायचं. आता सांगणारं कुणी उरलं नाही. तलावातून पाणी सोडायचं जे तोंड असतं, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, त्याच्या अगदी तोंडाशी हिरालालची शेती होती. हिरालाल म्हणजे सरळ गोष्टीतही खोडा घालणारा माणूस. उशिरा पिकणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी हवं होतं, खालच्या बांध्यांना भेगा पडत होत्या, आणि हिरालाल म्हणत होता, आधी माझं भरू द्या. मंडईच्या आदल्या दिवशी काठ्या निघता निघता राहिल्या.

मंडईला राजा पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात होता तेव्हा हिरालालच थट्टेने ओरडला, "राजा, जाता जाता पान्याचं सांगून जा ना गा!"

लोक हसले. राजा थांबला, मागे वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, "शेवटच्या शेताची तहान आधी."

मग तो डोंग्यात चढला आणि गेला.

पाळीवर कुणी हसेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच हिरालाल तणतणत कवडूच्या दारात आला. कवडू दात घासत होता.

"तू काऊन तसा बोलला? माह्या धानाचं काय?"

कवडूने चूळ भरली. "मले काय मालूम गा," तो म्हणाला. "मी तं तेथी नव्हतो. राजा होता. त्याले विचार."

"कोठी आहे राजा?"

"पल्याड."

हिरालाल तोंड उघडं ठेवून उभा राहिला. शामकला घरात पदर तोंडात कोंबून हसत होती. पाणी शेवटच्या बांधीपासून सुटलं, सगळ्यांचं धान पिकलं, हिरालालचंही. तेव्हापासून रीत पडली. जाता जाता राजा एक बोल सांगायचा. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याने गुडघाभर पाण्यात उतरायचं. राजा विचारणार, कोणावर? आणि मग, काय नेलं? तेवढंच. आणि राजा जे बोलेल ते झालं, कारण भांडायला राजा मागे सापडत नसे. मासे कुणी धरायचे, गुरं कुठल्या अंगाला पाण्यावर न्यायची, वेगळ्या झालेल्या भावांनी विहीर कशी वापरायची. सगळे तंटे वर्षभर मंडईची वाट पाहत थांबायचे. वर्षभर थांबल्यामुळे त्यातले अर्धे आपोआप मिटायचे, ही गोष्ट वेगळी.

लोक लांबून यायला लागले. कोहमाऱ्याकडून बैलगाड्या यायच्या. कवडूला बाजारात लोक रस्ता देऊ लागले, आणि तो "हूं" म्हणत खाली मान घालून निघून जायचा. त्या वर्षांत शामकला घरी कुढायची आणि पाळीवर उभी राहिली की तिची मान ताठ व्हायची, हेही सांगितलंच पाहिजे.

मग ते पावसाचं साल आलं. मंडईच्या दिवशी अवकाळी आभाळ फाटलं. ढोलकीची कातडी ढिली पडली, शिंगाडेवाले पळाले, तरी राजाला जावं लागतं म्हणून राजा गेला. शामकला घरी धावली तर ओसरीवरचं सरपण सगळं भिजलेलं. तिने गोवऱ्या लावून पाहिल्या, छपराचं गवत उपसून पाहिलं, फुंकून फुंकून डोळे लाल झाले, पण चूल काही धरेना. शेवटी अनुसयाबाईच्या घरून निखारे आणले, तेव्हा कुठे दिवेलागणीच्या सुमाराला जाळ झाला. कवडू त्यानंतर कितीतरी वेळाने आला. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते.

"एवढा येळ कोठी..." तिच्या तोंडून निघालंच होतं. तिने जीभ चावली आणि त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं.

त्या हिवाळ्यात कवडू अंथरुणाला खिळला. उठला, पण छातीत घरघरीचा बाजा राहिला तो राहिलाच. पाळ चढताना तो वाजायचा, बोलताना वाजायचा. रोवणीच्या चिखलात तो बाकीच्यांच्या मागे पडू लागला. वैद्याने सांगितलं, थंड पाण्यात जाऊ नका. आता छातीभर थंड पाण्यात गेल्याशिवाय झाडराजा होता येत नाही, हे वैद्याला कुणी सांगायचं?

शामकला दुधराममामाकडे गेली. "मामाजी, दुसऱ्या कोनाले द्या ना मुकुट."

"मी कोन देनारा, माय? राजाले काढता येत नाई. राजाच्या तोंडून निंगलं तरच."

ती गावातल्या मोठ्या माणसांकडे गेली. ती माणसं म्हणाली, होय बाई, खरं आहे, पण मग पाणी कोण वाटेल? शेवटी ती नवऱ्याशीच भांडली. तीच भांडली, तो बसून होता.

"काऊन सोडत नाई तुमी? जीव जास्त झाला काय?"

कवडू आढ्याकडे बघत म्हणाला, "तो डोक्यावर असला का मले बोलता येते."

शामकलेला हे फार लागलं. म्हणजे हा बोलतो तेव्हा माझा नसतो, आणि माझा असतो तेव्हा बोलत नाही. ती चुलीकडे तोंड करून बसली आणि त्या दिवशी तिने भात करपू दिला.

एकोणसाठच्या मंडईला कवडूची अवस्था फार वाईट होती. पोळ्यापासून तो पाळीवर एका दमात चढला नव्हता. सकाळी शामकला कान शिवायला बसली. त्याने डोळे मिटले होते, आणि छातीतला बाजा तिला अगदी जवळून ऐकू येत होता. गाठ मारताना तिचा हात थांबला. या वर्षी हा पाण्यात गेला तर डोंग्यातून राजा जाईल आणि माघारी कुणीच येणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. तिने गाठ मारली आणि स्वतः उठून आढ्यावरचा मुकुट काढून त्याच्या हातात दिला. तेवढ्या वर्षांत तिने तो असा कधी दिला नव्हता. कवडूने तिच्याकडे पाहिलं आणि तो डोक्यावर ठेवला.

दंडार झाली. राजा पाण्यात उतरला. हिरालाल गाऱ्हाणं तयार ठेवून धोतर वर खोचतच होता, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शामकला पुढे झाली आणि लुगड्यासकट सरळ पाण्यात शिरली. आजवर एकाही बाईने राजापुढे गाऱ्हाणं घातलं नव्हतं. घालू नये असंही कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणाच्या मनातच आलं नव्हतं. पाळीवर कुजबुज झाली आणि लगेच विरली.

"महाराज," शामकला म्हणाली, "माहं गाऱ्हानं आहे."

राजाने रीतीप्रमाणे विचारलं, "कोणावर?"

"तुमच्यावर."

सुकरामने वल्हं पाण्यातून वर काढलं आणि तसंच धरून ठेवलं. राजाला पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं. तो एरवीपेक्षा हळू आला.

"काय नेलं?"

"माहा नवरा नेला," शामकला म्हणाली. "दरसाल नेता, महाराज, आन अर्धाच वापस देता. बोलनारा तेथी ठेवून घेता, मुका मले देता. मी काई बोलली नाई. आता तं तोही पुरा वापस येत नाई. ह्या साली त्याले नेऊ नका. मले तो मुकाच पाह्यजे. पन जिता पाह्यजे."

राजा उभा राहिला. वाऱ्याने मोरपिसं हलत होती. एवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली, आणि झाडराजा लोकांसमोर पहिल्यांदा साध्या म्हाताऱ्या माणसासारखा वाकून खोकला. पाळीवरच्या कित्येकांनी तेव्हा माना खाली घातल्या. इतकी वर्षं आपण काय बघत होतो आणि काय बघत नव्हतो, ते त्यांना उमगलं असावं.

मग तो सरळ झाला. त्याचा आवाज शेवटच्या गाडीवाल्यापर्यंत गेला असं अजून सांगतात.

"ऐका, माणसं हो. या बाईचं गाऱ्हाणं खरं आहे. राजा आज जातो, तो पुन्हा येणार नाही. त्याच्या जागी कुणी उभं राहू नये. पाणी कसं वाटायचं ते तुम्हांला आता ठाऊक आहे. जे ठाऊक आहे त्यासाठी राजा कशाला हवा? सावलीला माझी म्हणू नका. शेवटच्या शेताची तहान विसरू नका."

एवढं बोलून त्याने दोन्ही हातांनी मुकुट काढला. लोकांसमोर असा मुकुट दुधरामनंतर निघाला नव्हता. मग पळसाचे कान सोडले, आणि दोन्ही नीट डोंग्याच्या मध्यभागी ठेवले. सुकरामकडे बघून त्याने मान हलवली. डोंगा निघाला. राजा त्यात होता, असं सगळ्यांनी मानलं. पाण्यात उभा राहिलेला माणूस अर्ध्या पिकलेल्या केसांचा कवडू होता आणि त्याला थंडी वाजत होती. शामकलेने भर मंडईत त्याचा हात धरला आणि त्याला पाण्याबाहेर आणलं. एरवी गावाने महिनाभर या हात धरण्याची चर्चा केली असती. त्या दिवशी बायका नेहमीसारख्या रडत होत्या, आणि या वेळी पुरुषही.

शामकला जिंकली, असं अनुसयाबाई सगळ्यांना सांगत फिरली. घरात मात्र वेगळंच चाललं होतं. कवडू बरा होत होता, हे खरं. उन्हात बसायचा, मोहाच्या दिवसांत मोह वेचून आणण्याइतका सावरला. पण तो आता "हूं" सुद्धा म्हणेना. आढ्याच्या रिकाम्या खुंटीकडे बघत बसायचा. मोरपिसांचा तो पसारा नव्हता, वाळवीची काळजी नव्हती, आणि शामकलेला घर मोठं मोठं वाटायचं. तिला तो आवाज आठवायचा. पहिल्या मंडईला अंगावर आलेला काटा आठवायचा. आपण सवत हाकलली आणि तिच्याबरोबर नवऱ्याची वाचाही गेली, असं तिच्या मनाने घेतलं. बाईमाणसाने राजाशी भांडावं, पण जिंकू नये, असं ती स्वतःशी म्हणायची.

कार्तिक आला. भाऊबीज झाली. साठ सालची मंडई भरली, शिंगाडे आले, बांगड्या आल्या, पण पाळीवर ढोलकी नव्हती. पाण्याचं म्हणाल तर हिरालाल वर्षभर कुरकुरला आणि तुडूम उघडताना सगळ्यांच्या आधी जाऊन त्यानेच शेवटच्या बांधीकडचा पाट मोकळा केला. पुन्हा वर म्हणाला, "मले त्या राजाशी कटकट नाई पाह्यजे." दुपारी लोक सवयीने पाळीवर जमले, तलावाकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि पांगले.

शामकला मंडईला गेली नाही. अंगणात बसली होती, आणि हात काय करताहेत ते तिला बऱ्याच वेळाने कळलं. मांडीवर पळसाची पानं होती. एक कान शिवून झाला होता, दुसऱ्याला ती वळण देत होती. तिला भयंकर लाज वाटली. ती पानं पदराखाली लपवणार तोच कवडू ओसरीवरून म्हणाला,

"आता कोनाले?"

त्याचा आवाज ऐकून तिला रडूच आलं. तिने पानं बाजूला ठेवली. आता राजा नव्हता, रीत नव्हती, तलाव आटायची भीती नव्हती. इतक्या वर्षांचा प्रश्न तिच्या तोंडून बाहेर पडला.

"तुमी तेथी पल्याड जाऊन काय करत होते जी? एवढा येळ?"

कवडू उतरून तिच्याशेजारी अंगणात बसला. तलावाकडे हात केला. आणि मग तो बोलू लागला, मुकुटाशिवाय, तिच्याशी.

"ते मोठं मोहाचं झाड दिसते? त्याच्या बुडाशी बसत होतो. तेथून आपलं गाव येवढंसं दिसते. मंडईची गडबड आयकू येते, पन कोनाची म्हनून समजत नाई. मामानं सांगतलं होतं, दिवस कलला का उठजो. मी दिवसाकडे पाहतच नव्हतो. आपलं घर कसं, एकटंच आहे ह्या अंगाले. तेवढं बराबर दिसते. मी त्याच्याकडे पाहून राहत होतो. राजा होतो ना, मले वाटे, सारं राज्य माहं आहे, झाडं माही, पानी माहं, आन मले जायाले एकच जागा आहे. मंग तू चूल पेटवत होती. धूर निंगे. तो दिसला का मी मुकुट काढत होतो." तो जरासा हसला. "तवाच. धूर दिसेपर्यंत राजा. धूर दिसला का कवडू."

शामकला ऐकत होती. तिला वाटत होतं, हा असाच बोलत राहावा, संध्याकाळ होऊ नये. आणि मग एकाएकी तिला ते पावसाचं साल आठवलं. भिजलेलं सरपण, न धरणारी चूल, अनुसयाबाईचे निखारे. तिने त्याच्या छातीकडे पाहिलं. बाजा अजून वाजत होता, बारीक.

"पावसाच्या त्या साली," ती कशीबशी म्हणाली, "लय उशीर केला तुमी."

"धूर नव्हता," कवडू म्हणाला.

ती उठली, आत गेली आणि दिवस बराच वर होता तरी तिने चूल पेटवली.